सोमवार-गुरुवारची गाडी

आंतोन फर्नांडिसच्या बेकरीचा पाव आरोंद्यापासून मळेवाडपर्यंत जायचा. सकाळी त्याची पांढरी व्हॅन हॉर्न वाजवत वाड्यावाड्यांतून फिरायची आणि बायका चहाचं आधण ठेवूनच बाहेर यायच्या. त्याची बायको क्लॉडिया भट्टी सांभाळायची. पीठ मळणं, पाव लावणं, बांगडीच्या आकाराची कडक काकणं भाजणं हे दोघांचं काम, गाडी मात्र एकट्या आंतोनची. एवढ्या वर्षांच्या संसारात क्लॉडियाने स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता. तशी गरजच पडली नव्हती.

मधुमेह आंतोनला होताच. तो हसण्यावारी नेत असे. एका पावसाळ्यात त्याचे पाय सुजले, अंगणातून घरात येईपर्यंत धाप लागू लागली, आणि तपासण्या झाल्यावर कळलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागणार होतं. जवळपास कुठल्या मशीनवर जागा रिकामी नव्हती. ओरोसला, जिल्हा रुग्णालयात नंबर लागला. सोमवार आणि गुरुवार. बेकरी बंद करावी लागली. मुलगा जोनाथन बोटीवर नोकरीला होता. तो फोनवर म्हणाला, "पप्पा, गोव्याक जावन रवा. आंटी मडगावात आसा, थंयसर सगळा जवळ."

"माजां घर सोडून मी खंय जावचंय नाय," आंतोन म्हणाला आणि फोन क्लॉडियाच्या हातात दिला.

मग सुरू झाल्या एसटीच्या फेऱ्या. आरोंद्याहून सावंतवाडी, तिथे गाडी बदलून ओरोस. जाताना तसा त्रास नव्हता. पण चार तास मशीनवर पडून उठलेला माणूस पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखा होतो. पायांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि त्यातच पुन्हा दोन बस. एका गुरुवारी सावंतवाडीच्या स्टँडवर आरोंद्याची गाडी लागली, माणसं दाराकडे धावली, आणि त्या गर्दीत आंतोन गुडघ्यांवर बसला तो उठेना. कंडक्टर भला माणूस होता, तो थांबला. दोघांनी धरून आंतोनला बाकावर आणून ठेवलं. पण त्याला त्या बसमध्ये चढवण्यात अर्थ नव्हता. बस निघून गेली.

क्लॉडिया त्याच्या शेजारी बसून राहिली. एकेकाळी मैद्याची पोती खांद्यावरून उतरवणारा हा माणूस आता डोकं तिच्या खांद्यावर टाकून डोळे मिटून बसला होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली,

"आंतोन, माका गाडी शिकव."

त्याने डोळे उघडले नाहीत. "ह्या वयात?"

"मगे कोणत्या वयात?"

व्हॅन मागच्या पडवीत धूळ खात उभी होती. पावाचे ट्रे ठेवण्यासाठी मागच्या सीट कधीच काढून टाकल्या होत्या. चर्चच्या मैदानावर, संध्याकाळी पोरांचा फुटबॉल संपला की, दोघं गाडी काढू लागले. आंतोन शेजारी बसायचा. अंगात ताकद नव्हती, पण जीभ शाबूत होती.

"क्लच सोड. सोड म्हटलंय, उडवून टाक म्हणाक नाय."

"सोडलंय."

"तसो नको गो. भट्टीतसून पाव काडतंस ना, तसो. घाई केलंस तर मोडतलो."

हे तिला कळलं. त्यानंतर गाडी कमी वेळा बंद पडली. पहिल्यांदा चौथा गियर पडला तेव्हा ती मैदान संपलं तरी थांबली नाही, थेट खाडीच्या रस्त्याला लागली. आंतोन एका हाताने दार धरून बसला होता, आणि घाबरल्याचं दाखवायचं नाही म्हणून किरणपाणीच्या बाजूला बोट दाखवून काहीतरी जुनी गजाल सांगत होता.

शिकाऊ लायसन्सवर, आंतोनला शेजारी बसवून ती व्हॅन ओरोसपर्यंत नेऊ लागली; लायसन्सची परीक्षाही तिथेच होती. आंतोन मशीनवर असतानाच तिने ती दिली. पहिल्या खेपेला मागे घेताना गाडी खांबाला टेकली आणि ती नापास झाली. वॉर्डात परत आली तेव्हा आंतोनला तिच्या तोंडाकडे पाहूनच कळलं. दुसऱ्या खेपेला ती आली आणि दारातूनच तिने किल्ली वर धरून दाखवली. आंतोनच्या दंडात सुया होत्या, हात हलवता येत नव्हता, म्हणून त्याने फक्त मान हलवली आणि तोंड फिरवून भिंतीकडे पाहत राहिला. नर्सने विचारलं तर म्हणाला, "काय नाय, डोळ्यात कायतरी गेला."

शेजारच्या खाटेवर काशीबाई म्हणून एक म्हातारी असायची. मळेवाडच्या अलीकडे तिचं घर होतं. नवरा नव्हता, दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. ती दोन बस बदलून एकटी यायची, एकटी जायची. तिने किल्लीकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मगे मागे जागा आसा काय गो?"

मागे जागाच जागा होती. फक्त सीट नव्हती. क्लॉडियाने माळ्यावरच्या जुन्या सीट खाली काढल्या. एकीत कोंबडीने घर केलं होतं. त्या धुऊन, वाळवून, बोल्ट आवळून बसवल्या, आणि पुढच्या सोमवारी काशीबाई आपल्या दारात गाडीत बसली. पंधरवड्याने हरिश्चंद्र आला. हा निवृत्त पोस्टमन, तिरोड्याच्या वाटेवरचा, अबोल माणूस. त्याच्यानंतर बाबली गावडे.

गाडीत काही रीती आपोआप पडत गेल्या. परतताना ज्याला जास्त त्रास होत असेल त्याने पुढे बसायचं. गाडीत कोणी शहाळ्याचं नाव काढायचं नाही, कारण मिठासारखंच तेही चौघांना डॉक्टरांनी वर्ज्य सांगितलं होतं आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना माडच माड होते. सुरुवातीला सगळे गप्प असत. हळूहळू जाताना गप्पा सुरू झाल्या. मशीनच्या भीतीबद्दल घरच्या माणसांशी बोलता येत नाही, ते गाडीत बोलता यायचं. काशीबाई एकदा म्हणाली की सुई टोचताना ती दर वेळी डोळे मिटून आपल्या आईचं स्वयंपाकघर आठवते. हरिश्चंद्र त्यावर बराच वेळ विचार करून म्हणाला, "मी पण करून बघतंय." त्याचं हे त्या महिन्यातलं सर्वांत लांब वाक्य होतं.

आणि क्लॉडिया गाडी चालवत राहिली. खड्डा आला की वेग कमी करायची, कुडाळच्या अलीकडे झाडाखाली थांबून सगळ्यांना पाय मोकळे करू द्यायची. ती कुणाला धीर देत नसे, उपदेश करत नसे. वेळेवर दारात उभी राहायची, एवढंच. आजारी माणसाला ते केवढं मोठं असतं हे त्या चौघांनाच ठाऊक.

मग बाबली यायचा थांबला.

बाबली शेतकरी होता. मुख्य रस्ता सोडून आत, डोंगराच्या पायथ्याशी गावडेवाडी, तिथे त्याची भातशेती आणि थोडी काजूची झाडं. मुलगा रोज सीमेपलीकडे गोव्यात कारखान्यात कामाला जाऊन-येऊन असे. घरी सून प्राजक्ता आणि लहान नात. एका गुरुवारी तो फाट्यावर नव्हता. वाटलं, बरं नसेल. सोमवारीही नव्हता. क्लॉडियाने बाकीच्यांना ओरोसला पोहोचवून परत आणलं, आणि घरी न जाता गाडी गावडेवाडीच्या फाट्यावर उभी केली. तिथून पुढे पाणंद होती. दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे चिऱ्यांच्या बुटक्या भिंती, मधे बैलगाडीसुद्धा जेमतेम जाईल एवढी वाट, आणि चढ.

"तू गाडीत बस," ती आंतोनला म्हणाली.

"मी येतंय," आंतोन म्हणाला. मशीनवरून उठून दोन तासही झाले नव्हते. दर वळणावर थांबत, गडग्याला टेकत तो वर आला.

बाबली घरासमोरच्या खळ्यात खाटेवर बसला होता. चेहरा सुजला होता. त्याने दोघांना पाहिलं आणि नजर वळवली.

"माका आता पुरे, बाये," तो म्हणाला. "तुमी दोगां बरी माणसां. पण माका पुरे."

आंतोन पायरीवर बसला आणि श्वास जमवत राहिला.

"भिऊक नाय मी," बाबली पुढे म्हणाला. "पण हयसून फाट्यार जावक माजो झील लागता. तो त्या दिसा कामार जाणा नाय. परत इलंय की ही सून आणि तो, दोगां माका उचलून वर हाडतत. मी भात कापणारो माणूस. माका उचलूचो लागता."

दारात प्राजक्ता उभी होती. ती पंचविशीची असेल. ती पुढे आली आणि सासऱ्याकडे न पाहता क्लॉडियाला म्हणाली, "आंटी, आमका तेंची अडचण नाय. ह्यां तेंका सांगून सांगून माजो गळो सुकलो. आमका ते होये आसत."

"माका म्हायत आसा," बाबली म्हणाला.

तेव्हा आंतोन बोलला. "बाबली, फाट्यापासून वर येवचां लागला नाय तर येशीत?"

"म्हणजे?"

"गाडी हय खळ्यात इली तर?"

बाबलीने पाणंदीकडे पाहिलं. "हयसर गाडी येवची नाय."

"तां माका नको सांगू. तू येशीत काय, इतक्याच सांग."

बाबलीने सुनेकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाला, "येयन."

पुढचे दोन दिवस काय झालं ते गावडेवाडीत अजून सांगतात. प्राजक्ता घरोघर गेली. तिने कुणाची मनधरणी केली नाही. बाबलीआबांसाठी वाट रुंद करायची आहे, कोण येणार, एवढंच विचारलं. पहिल्या दिवशी शेजारची तीन घरं आली, दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी. गडगे मोडून चिरे मागे सरकवले. एका जागी शेजाऱ्याच्या रतांब्याचं झाड आड येत होतं. शेजाऱ्याशी बाबलीचं वाटेवरूनच जुनं वाकडं होतं. तो माणूस कोयता घेऊन आला, झाडाभोवती एकदा फिरला आणि स्वतःच फांद्या तोडायला लागला. चढावर खडी टाकली, ती पायांनीच दाबली.

गुरुवारी सकाळी क्लॉडियाने पहिल्या गियरमध्ये गाडी वर चढवली. आरसे गडग्यांना घासत होते. खळ्यात गाडी उभी राहिली तेव्हा बाबली धुतलेला सदरा घालून तयार बसला होता. तो कुणाचाही हात न धरता उठला आणि गाडीत बसला. मशीन चुकल्याने त्याच्या अंगात इतकं पाणी साठलं होतं की त्या दिवशी डॉक्टरांनी त्याला जास्त वेळ ठेवून घेतलं, आणि बाकी तिघं कुरकुर न करता त्याच्यासाठी थांबले.

त्याच दिवशी, वाट पाहताना, क्लॉडिया रुग्णालयाजवळच, सिंधुदुर्गनगरीतल्या आरोग्य खात्याच्या कार्यालयात गेली. दत्तप्रसाद परब नावाचे अधिकारी तिथे बसत. क्लॉडियाने सावकाश, शब्द जुळवत शाळेतली मराठी काढली.

"साहेब, आमच्या बाजूला एक डायलिसिसचं मशीन पाहिजे. माझ्या गाडीत चार माणसं येतात. पण ज्यांच्याकडे गाडीच जात नाही, ती माणसं घरी बसून आहेत. त्यातलं एक आज मी घेऊन आले."

परबांनी ऐकून घेतलं. "ताई, नुसतं मशीन आणून होत नाही. शुद्ध पाणी लागतं, वीज लागते, शिकलेली माणसं लागतात. आणि तिकडे तेवढे पेशंट आहेत हे आधी दाखवावं लागतं."

"दाखवते. तुम्ही एक दिवस आमच्याबरोबर गाडीतून या."

परबांनी तिचा फोन नंबर लिहून घेतला. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पण पुढच्या सोमवारी दुपारी ते व्हॅनपाशी येऊन उभे होते, हातात पाण्याची बाटली घेऊन.

ते मागे हरिश्चंद्राच्या शेजारी बसले. झाराप ओलांडल्यावर काशीबाईच्या पोटरीत गोळा आला. ती ओरडली नाही, फक्त पुढची सीट घट्ट पकडली. क्लॉडियाने आरशात पाहिलं, गाडी कडेला घेतली, उतरून तिचा पाय मांडीवर घेतला आणि चोळत बसली. गोळा उतरल्यावर हात पुसून पुन्हा गाडी सुरू केली. हे नेहमीचंच होतं. गावडेवाडीच्या नव्या वाटेवर परबांनी विचारलं, "बाबलीभाऊ, तुम्ही मधे बंद केलं होतं ना?"

"होय साहेब."

"कशाला?"

"माज्या जगण्यासाटी घरातल्या दोगांचो दीस मोडा होतो," बाबली म्हणाला. "तो हिशेब माका पटा नाय."

आरोंद्याला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. क्लॉडिया म्हणाली, "साहेब, तुम्हाला सावंतवाडीला सोडते."

"नको. तुम्ही आज खूप गाडी चालवलीत," परब म्हणाले. "मी बसने जातो. जाऊन बघतो कशी जाते ती." आणि ते खरोखरच थांब्यावर जाऊन उभे राहिले.

मशीन लगेच आलं नाही. आधी पाहणी झाली. आरोंद्यापासून वीसेक मिनिटांवरच्या एका आरोग्य केंद्रातली मागची खोली ठरली, मग पाण्याचं अडलं, मग विजेचं. परब दर वेळी फोन करून कुठे काय अडलं आहे ते सांगत. वर्ष उलटलं.

चतुर्थीचे दिवस सरले आणि एका शनिवारी दुपारी आंतोन गेला. जेवून खाटेवर आडवा झाला तो उठलाच नाही. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. रविवारी चर्चच्या आवारात त्याला माती दिली. काशीबाई, हरिश्चंद्र, बाबली तिघंही आले होते, आणि तिघांनाही ठाऊक होतं की उद्या सोमवार आहे.

सोमवारी सकाळी दार वाजलं. प्राजक्ता उभी होती. गावडेवाडीहून कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आली होती.

"आंटी, गाडीची चावी देशात?" ती म्हणाली. "माका चलवूक येता. माहेराक बाबांचो टेम्पो मीच चलवी. लायसन आसा."

क्लॉडियाने दार पूर्ण उघडलं. "कदी बोललंस नाय ता?"

"तुमी होतात. कित्याक बोलू?"

क्लॉडियाने चावी आणून दिली. तिचे डोळे सुजले होते, आवाज बसला होता. "दुसरो गियर अडाकता," ती म्हणाली. "जरा उचलून घाल."

गाडी वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी राहिली. मग आत जाऊन आंतोनच्या खाटेवर बसली आणि पोटभर रडली. आदल्या दोन दिवसांत माणसांच्या गर्दीत तिला ते जमलं नव्हतं.

गुरुवारी ती गाडीत येऊन बसली. प्राजक्ता उतरू लागली, पण क्लॉडियाने मान हलवली आणि शेजारच्या सीटवर बसली. मधे काशीबाईने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सावंतवाडी येईपर्यंत काढला नाही. त्यानंतर सोमवार प्राजक्ताचा आणि गुरुवार क्लॉडियाचा, असं ठरून गेलं.

वैशाखात आरोग्य केंद्राची मागची खोली उघडली. आत दोन मशीनं, गार हवा, धुतलेल्या फरशीचा वास. ओरोसला शिकून आलेली दीपिका नावाची तंत्रज्ञ मुलगी होती. आसपासच्या गावांतून पहिल्याच आठवड्यात अशी माणसं आली, ज्यांची नावं गाडीतल्या कुणीही कधी ऐकली नव्हती. एक तर खाडीपलीकडून होडीने आला. परब कोपऱ्यात उभे राहून बघत होते. क्लॉडिया त्यांच्याजवळ गेली तेव्हा ते म्हणाले, "दोन मशीनं कमी पडणार, ताई."

"मगे परत तुमका गाडीत बसवचो लागतलो," ती म्हणाली. घाईत मालवणीच तोंडून निघाली. परब हसले.

त्या मशीनवर पहिला नंबर बाबलीचा होता. सकाळी लवकर बसला, आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत क्लॉडियाने गाडी त्याच्या खळ्यात आणून उभी केली. तो उतरला. थकला होता, पण लांबच्या रस्त्याचा शीण नव्हता. दार धरून उभा राहत म्हणाला, "बाये, आज जेवन जा."

इतक्या दिवसांत ती त्या घरात कधी जेवली नव्हती. वेळच नसायचा. कुणाला ना कुणाला पुढे पोहोचवायचं असायचं. आज गाडीत दुसरं कुणी नव्हतं; बाकीच्यांचे नंबर दुसऱ्या दिवशी होते. ती चपला काढून आत गेली. प्राजक्ताने पाट मांडले, नातीने पाणी ठेवलं. भात, कुळथाची पिठी आणि दोडक्याची भाजी. क्लॉडियाने पहिला घास घेतला आणि तिच्या लक्षात आलं की जेवणात मीठ नावालाच आहे. तिने समोर पाहिलं. प्राजक्ता, नात, सुट्टी घेऊन घरी राहिलेला मुलगा, सगळे तेच जेवत होते. बाबलीसाठी वेगळं काही केलेलं नव्हतं.

तिने मीठ मागितलं नाही. भात दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि सावकाश, शेवटच्या शितापर्यंत जेवली.